आडवीचा सूर

कार्तिक लागला की आमच्या कासार आंबोलीत सकाळपासून गवत कापायची यंत्रं सुरू होतात. शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांना कुंपणाआतलं गवत गुडघ्याला लागलेलं खपत नाही. गळ्यात पट्टा अडकवून, डोळ्यांवर जाड चष्मा चढवून एक माणूस येतो आणि चहा निवायच्या आत सगळं सपाट करून टाकतो. त्या घरघराटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पुतण्या म्हणतो, आत्या, खिडकी लावून घे. मी लावत नाही. आवाजाला मी शिव्याच घालते, पण कापल्या गवताचा वास घरात यावा असं मला वाटतं, आणि वास काही आवाजाला बाहेर ठेवून एकटा आत येत नाही.

खरं तर यंत्राच्या गवताला तो वासही नाही. त्याला नुसत्या हिरव्या रसाचा वास येतो, भाजी चिरल्यासारखा. विळ्यानं कापून दोन उन्हं दाखवलेल्या गवताचा वास गोडसर, धुळकट असायचा. नाकात गेला की शिंक यायची आणि भूकही लागायची. तो वास मी शेवटचा कधी घेतला ते मला पक्कं ठाऊक आहे. महाराष्ट्र राज्य झालं त्या सालचा कार्तिक. त्यानंतरही मी पुष्कळ वर्षं गवत कापलं, पण त्या वासाकडे पुन्हा लक्ष गेलं नाही.

माझ्या माहेरची वाडी मुठा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दसरा उलटला की डोंगर पिवळा पडायचा आणि भातकापणी अंगावर यायच्या आधी कुरणाचं काम निघायचं. कुरण ठेकेदाराचं. पुण्यातल्या गवळ्यांच्या म्हशींना वर्षभर पुरेल एवढं गवत आमच्या डोंगरावरून उतरायचं. बायकांनी उतारावर तिरक्या ओळीनं पात धरायची, म्हणजे प्रत्येकीनं आपापल्या वाटणीचा पट्टा कापत वर चढायचं. गड्यांनी मागून भारे बांधायचे आणि खालच्या ट्रकपर्यंत न्यायचे. पायात काही नसायचं. गवताच्या कडांनी पोटऱ्या चिरून निघायच्या आणि त्यात घाम गेला की जी आग व्हायची ती अजून आठवते. लोक त्या दिवसांच्या आठवणी काढून गहिवरतात तेव्हा मला राग येतो. गहिवरण्यासारखं त्यात काही नव्हतं. गाणं होतं, तेवढंच.

ते गाणं सोनाआत्याचं. ती माझी सख्खी आत्या नव्हे, सगळ्या वाडीची आत्या. उंच, काटकुळी, मिश्रीनं काळे झालेले दात, आणि तोंड असं फटकळ की जावई माणसंसुद्धा तिच्या दारावरून जाताना चाल वाढवायची. पण पात धरली आणि तिनं भलरी उचलली की ओळीतल्या वीस-पंचवीस कंबरा एकदम वाकायच्या. भलरी म्हणजे कापणीचं गाणं. एकीनं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं, आणि त्या झेलण्यावर विळे चालायचे. कुणी पोटुशी असली, कुणी आदल्या दिवशी तापातून उठलेली असली, तर आत्या काही न बोलता चाल संथ करायची. ठेकेदाराला वाटायचं बाया दमल्या. बायांना कळायचं कुणासाठी ते.

आत्या मूळची आमच्या वाडीची नव्हे. तिचं माहेर मुळशीच्या धरणाखाली गेलेल्या गावांतलं. पाणी चढलं तेव्हा ती परकरी पोर होती. घरातली भांडी निघाली, गुरं निघाली, देव उचलून वर आणले. शेतं काही उचलता येत नव्हती. तिच्या आईनं मात्र त्या शेतांची भलरी तिच्या गळ्यात घातली. कोणतं खाचर कुणाचं, कुठल्या बांधाला आंबा, कुठल्या ओढ्याचं पाणी कुणाच्या वाट्याला, सगळं त्या गाण्यांत होतं. ‘वरलं खाचार थोरल्याचं, खालचं धाकल्याचं, मधलं खाचार वढ्याकाठचं गं, पानी पितंय दोगांचं.’ उन्हाळ्यात धरण आटलं की तिथे नुसते दगड दिसतात. आत्या गायला लागली की तिथे भात दिसायचं.

आणि नुसती माहेरचीच नव्हेत. ती जिथे मजुरीला जाई तिथून गाणं आणायची. एक द्यायचं आणि एक घ्यायचं, असा तिचा रोख व्यवहार. भाताच्या आवणीला कासार आंबोलीत आली की इथली, ज्वारी काढायला महाळुंग्याला गेली की तिथली. आणायची ती जशीच्या तशी. महाळुंगेकरणी ‘हुतं’ म्हणत, आम्ही ‘व्हतं’ म्हणायचो. त्यांच्या गाण्यात आम्ही आमचं ‘व्हतं’ घुसडलं की आत्या तिथल्या तिथे विळा थांबवायची. म्हणायची, “त्येंनी दिलंय तसं म्हना. उसनं आनल्यालं भांडं ठोकून वाकडं करायचं का?” पोटाला भाकरी नसताना बोलीची एवढी मिजास कशाला, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे मी पौडला बालवाडीची बाई झाले आणि मुलांना ‘व्हतं नाही, होतं’ असं शिकवताना दरवेळी तिचा विळा डोळ्यांपुढे यायचा.

भलरीच्या पोटात आणखी एक चाल होती. तिला आडवी म्हणायचे.

गवतात लांबडं असायचं. आम्ही त्याचं नाव घेत नसू, अजूनही माझ्या तोंडून पटकन येत नाही. घोणस ऊन खात पडलेली असायची आणि पिवळ्या गवतात पिवळीच दिसायची. गाणारणीनं ओळीच्या वरच्या टोकाला, जरा उंचावर राहायचं ते एवढ्यासाठी की तिला पुढचं गवत दिसावं. गवत हललं, की तिनं ओरडायचं नाही. कधी काळी कुणी ओरडलं होतं, बाया विळे घेऊन सैरावैरा धावल्या होत्या, एकीचा विळा दुसरीच्या मानेत गेला होता आणि तिसरीचा पाय नेमका नको तिथे पडला होता. तेव्हापासून तो नेम. गाणारणीनं चालू भलरी सोडून खालच्या सुरात आडवी धरायची. ‘उभी ऱ्हा गं बाय माजी, वाटंत पाव्हना आलाय, पाव्हन्याला जाऊ दी.’ तो सूर कानावर पडला की विळा जिथे असेल तिथे, उचललेला पाय उचललेलाच. पुढे ‘गेला गं पाव्हना’ ही ओळ येईपर्यंत कुणी हलायचं नाही. लहानपणी आम्ही पोरी अंगणात हाच खेळ खेळायचो. आडवी म्हटली की दगड व्हायचं. जी हलली ती मेली, असं म्हणून आम्ही हसायचो.

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली आत्याचा आवाज फाटायला लागला होता. वरच्या पट्टीत गेली की सुरातून नुसता वारा यायचा. तिला मुलगी नव्हती. एकच मुलगा, त्याची बायको मंजुळा. मंजुळा माझ्याहून थोडी मोठी, गव्हाळ, सतत हसरी, कडेला रांगती यमुना. धरणाखालची गाणी आत्यानं तोवर कुणाला शिकवली नव्हती. ओळीत आम्ही झेलायचो तेवढीच, सांगायची ओळ तिची तिलाच ठाऊक. ती घरच्या लेकीला द्यायची असतात, असं तिचं म्हणणं. त्या दसऱ्याला तिनं मंजुळेला देवापुढे बसवलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, आजपासून तू माझी लेक. तेव्हापासून जात्यावर, पाणवठ्यावर, चुलीपुढे दोघींचं चाललेलं असायचं. एक ओळ सासूची, तीच ओळ सुनेची. मंजुळा चुकली की आत्या तिला पुन्हा म्हणायला लावायची, आणि गाव जिथे पाण्यात गेलं तिथल्या नेमक्या हेलात म्हटल्याशिवाय सोडायची नाही. आम्ही पोरी मंजुळेची चेष्टा करायचो, तुला सासू नव्हे मास्तर मिळालाय म्हणून. पण वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं की आत्याचा गळा बसायच्या आत मंजुळेनं ते सगळं उचललं तर ते गाव राहील. नाही उचललं तर ते दुसऱ्यांदा बुडेल, आणि या वेळी दगडसुद्धा दिसणार नाहीत.

कार्तिकात ठेकेदारानं कर्णा आणला.

तो माणूस वाईट नव्हता. त्याला बाजूच्या कुरणाच्या आधी गवत खाली न्यायचं होतं, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की गाणी लावली की कामं भराभर होतात. लग्नात वाजतो तसला बॅटरीवरचा कर्णा, तबकड्यांची पेटी आणि ती चालवायला एक माणूस. कर्णा त्यानं ओळीच्या मधोमध, एका खडकावर बांधला. सिनेमातली गाणी सुरू झाली आणि आम्ही सगळ्या खुळ्यासारख्या हसायला लागलो. मला फार आवडली ती गाणी. मंजुळेलाही आवडली. डोंगराच्या उतारावर, गुडघाभर गवतात, पुण्यातल्या हॉटेलात वाजतं ते आमच्यासाठी वाजत होतं. विळे खरंच भराभर चालले.

आत्यानं पहिल्या दिवशी कर्ण्यावर आवाज चढवून भलरी म्हणायचा प्रयत्न केला. फाटका आवाज आणखी फाटला. दुसऱ्या दिवशी ती ठेकेदाराकडे गेली. ओळीला गाणं लागतं, नाहीतर ओळ आंधळी होते, असं तिनं त्याला समजावलं. तो म्हणाला, गाणं चालूच आहे की आजी, तुम्ही आता घसा जपा. त्या संध्याकाळी घरी परतताना ती मंजुळेवर घसरली, कारण मंजुळा वाटेनं कर्ण्यातलं गाणं गुणगुणत होती. मंजुळा हसत म्हणाली, “आत्याबाई, त्ये बी गानंच हाय की.” तिसऱ्या दिवशी आत्यानं आपली वरच्या टोकाची जागा मात्र सोडली नाही. गायची नसली तरी नजर ठेवायला उभी राहिली.

त्यानंतरचं मी जेवढं जमेल तेवढं सरळ सांगते.

ऊन वर आलं होतं. मंजुळा ओळीत माझ्यापासून पाच-सहा पाती खाली, कर्ण्याच्या अगदी जवळ. मी आत्याच्या बाजूला असल्यामुळे मला ऐकू आलं. कर्ण्याच्या गाण्याखालून आडवी आली. ‘उभी ऱ्हा गं बाय माजी.’ माझा पाय थांबला. माझ्या वरच्या साऱ्या जणी थांबल्या. मी वळून पाहिलं तर आत्याचे डोळे खालच्या बाजूला, मंजुळेच्या पुढच्या गवतावर खिळलेले, आणि ती गात होती. मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या, चेहरा काळानिळा झालेला, आणि तरी गात होती, नेम मोडू न देता, त्याच खालच्या सुरात. खालच्या अर्ध्या ओळीला कर्ण्यापलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. त्यांचे विळे चालूच होते. मंजुळेनं गवताची मूठ धरली आणि पाऊल पुढे टाकलं.

तिनं किंकाळीसुद्धा मारली नाही. ‘आई गं’ म्हणाली आणि खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. आधी देवाचं पाणी, मग पाला वाटून लावणं, त्यात वेळ गेला. शेवटी ठेकेदारच ओरडला आणि त्यानं तिला स्वतःच्या हातांनी ट्रकमध्ये गवताच्या भाऱ्यांवर ठेवलं. तिचा नवरा शेजारी, आत्या पायांशी. पौड यायच्या आत मंजुळा गेली. वर कुरणात कर्णा बंद करायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. तबकडी संपली आणि सुई नुसतीच खरखरत राहिली. ती खरखर ऐकत आम्ही सगळ्या डोंगरावर उभ्या होतो, कारण ‘गेला गं पाव्हना’ कुणी म्हटलंच नव्हतं.

दहावं झाल्यावर मी आत्याकडे गेले. ती ओसरीवर बसली होती, यमुना तिच्या मांडीत झोपलेली. मला बघून ती म्हणाली, “हाक मारायची ती मी गायले, कमळे. मंजे, पळ, येवढं म्हनलं असतं तरी आयकलं असतं तिनं. माज्या तोंडाला तेवढं आलं न्हाई. गानंच आलं.”

मी म्हटलं, कर्णा होता म्हणून. आत्या म्हणाली, कर्ण्याला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. आयुष्यभर ज्या नेमानं तिनं माणसं वाचवली, त्याच नेमानं तिची सून गेली. यात चूक कुणाची म्हणायची? मला कुणी शहाण्यानं सांगावं.

ठेकेदारानं कर्णा खाली नेला. उरलेल्या कुरणासाठी त्यानं स्वतः येऊन आत्यापुढे हात जोडले, आजी, तुम्ही गा. आत्या आली, तिनं पात धरली आणि मुक्यानं कापायला लागली. तिच्यामागे आम्हीही मुक्यानं कापलं. नुसता विळ्यांचा खर्रखर्र आवाज, आणि तोही एका ठेक्यात नाही, ज्याचा त्याचा. कुणाच्या अंगात ताप आहे, कोण मागे पडतंय, काही कळेना. संध्याकाळी प्रत्येकीचा कुठला ना कुठला अवयव दुखायचा. पुढच्या साली गड्यांनी आधी काठ्या आपटत कुरणातून जायची पद्धत पाडली. काम निभायला लागलं. गाण्याची गरज उरली नाही, असं सगळ्यांनीच म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

काही वर्षांनी पुण्याहून एक गृहस्थ आले. आवाज धरून ठेवायचं यंत्र बरोबर होतं. सभ्य माणूस, जोडे खाली काढून ओसरीवर चढला. धरणाखालच्या गावांची गाणी तुमच्याकडे आहेत असं ऐकलं, म्हणाला. आत्यानं त्याला चहा दिला, गुळाचा, आणि सांगितलं, “माजी गानी सुनंच्या गळ्यात व्हती. ती घिऊन गेली.” मग त्यानं आम्हा बाकीच्यांना विचारलं. आमच्याकडे होत्या त्या झेलायच्या ओळी. सांगायची ओळ कुणाकडेच नव्हती. कुणी ‘व्हतं’ म्हणालं, कुणी ‘हुतं’, आणि कुठलं गाणं कुठल्या गावचं यावर आमच्यातच भांडण लागलं. आत्या आत चुलीशी बसून सगळं ऐकत होती. चुकतंय ते तिला कळत असणारच, पण तिनं एकदाही दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

यमुनेला तिनंच वाढवलं, आणि वाढवलं ते ओरडून. पोर अंगणाबाहेर पाऊल टाकायचा अवकाश, आत्या अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं किंचाळायची. यमे, थांब. यमे, मागं फिर. दिवसातून किती वेळा, कशाला मोजावं. नवीन आलेल्या सुना तिच्या माघारी तिला ‘किंचाळी’ म्हणायच्या. एके काळी हिच्या सुरावर डोंगर हलायचा, हे त्यांना सांगितलं असतं तरी पटलं नसतं, म्हणून मीही सांगितलं नाही. आत्या गेली तेव्हा यमुनेचं लग्न झालेलं होतं. माहेरच्या त्या खाचरांतलं एकही खाचर आत्याच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

वाडीतलं ते कुरण आता तारेच्या कुंपणात आहे. प्लॉट पडले आहेत, त्यांना इंग्रजी नावं दिली आहेत. यमुनाही आता म्हातारीत जमा. इथेच कासार आंबोलीत मुलाजवळ राहते, एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते आणि जाता-येता माझ्याकडे टेकते. परवा आली ती मनात काहीतरी घेऊन आलेली दिसत होती. कुठल्याशा लग्नात मुठ्याकडची एक म्हातारी तिला भेटली आणि म्हणाली, तू सोनाबाईची नात ना, काय गायची तुझी आजी.

मी तिला सोडायला म्हणून निघाले. घरामागच्या प्लॉटचा मालक पुण्यात असतो, त्याचं गवत अजून कुणी कापलेलं नाही. कमरेएवढं पिवळं गवत आणि त्यातून रस्त्याकडे जाणारी पायवाट. यमुना पुढे, मी मागे. चालता चालता ती म्हणाली, “मावशे, खरं सांग. आजी गायची? मला तर ती नुसती वरडतानाच आठवतीया.”

गायची, मी म्हटलं. तिनं म्हटलं, मग म्हणून दाखव की एखादं. मी आठवून पाहिलं. थोरल्याचं खाचर आठवलं, धाकल्याचं आठवलं, त्यापुढचं कोरडं. माझ्याजवळ धड अशी एकच चाल उरली आहे, जी लहानपणी अंगणात खेळून खेळून अंगात मुरलेली. पिकल्या गवतातून जाताना ती माझ्या तोंडून आपोआप निघाली, खालच्या सुरात. उभी ऱ्हा गं बाय माजी, वाटंत पाव्हना आलाय, पाव्हन्याला जाऊ दी.

माझाच पाय उचललेला राहिला. एवढ्या वर्षांनी, या वयात, गुडघे कुरकुरत असताना, मी वाटेत एका पायावर काठीच्या आधारानं उभी राहिले. पुढची ओळ आल्याशिवाय पाय टेकायचा नसतो, आणि ती ओळ माझ्या घशातून येईना.

यमुना चालतच होती. मंजुळेची मुलगी, सोनाआत्याची नात, अनवाणी, गवत दोन्ही हातांनी बाजूला सारत ती तशीच पुढे गेली. बरीच पुढे गेल्यावर मी मागे नाही हे तिच्या ध्यानात आलं. तिनं वळून पाहिलं.

“लई ग्वाड हाय गं चाल,” ती म्हणाली. “पर तू का थांबलीस?”